रात्रपाळीचा माणूस आणि सकाळचा सूर्य

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका एसटी आगारात मेकॅनिक असलेले ४७ वर्षांचे वाचक लिहितात. आकाशदर्शनाचा नाद जुना. घरी सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण आहे, पाच वर्षांपूर्वी माउंटसकट (दुर्बीण धरून फिरवणारा स्टँड) जुन्यात घेतलेली. पण महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी, आणि उरलेल्या रात्री गावातल्या हायमास्टच्या उजेडात वाया जातात. म्हणून सूर्याकडे वळायचं ठरवलंय. पगाराच्या फरकाचे १ लाख ६० हजार रुपये हातात आलेत. सूर्याचा एकच लाल रंग दाखवणाऱ्या ४० मिलिमीटरच्या हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीचा भाव एका दुकानदारानं १ लाख ३८ हजार सांगितला. ६० मिलिमीटरची घ्यायची तर अडीच लाखांच्या पुढे, म्हणजे हप्ते आले. न्यू जर्सीतला भाचा दिवाळीत येणार आहे, त्याच्याकडून स्वस्तात येईल असं वाटतं. मुलगी यंदा दहावीला, पुढच्या वर्षी क्लासची फी. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. ते विचारतात: “सूर्याचा जोर ओसरत चाललाय. आत्ता नाही घेतली तर पुढची काही वर्षं काय पाहणार? साध्या फिल्टरमधून नुसते ठिपके दिसतात, त्यात काय राम? आणि ताई, स्वतःसाठी एवढा खर्च करणं चूक आहे का?”

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. रात्रपाळी संपवून सकाळी सातला घरी येता, चहा होतो, आणि झोप यायला दोनेक तास जातात. सूर्य बघणाऱ्याला याहून चांगली वेळ मिळत नाही. साडेदहा-अकरानंतर जमीन, पत्रे, स्लॅब तापतात, त्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलायला लागते आणि सूर्याची कड थरथरते. लाखाची दुर्बीण असो की दहा लाखांची, त्या थरथरीपुढे सगळ्या सारख्या. सकाळी साडेसात ते साडेनऊची हवा मात्र शांत असते. ऑफिसला जाणारी माणसं त्या वेळी एसटीत उभी असतात. तुम्ही मोकळे असता. तेव्हा हौस चुकीची निवडली, असं मनात असेल तर काढून टाका.

आता घाईचं बघू, कारण सगळं पत्र त्या घाईनं भरलंय. सूर्यावरचे डाग वाढण्या-ओसरण्याचं चालू चक्र, पंचविसावं, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, आणि सूर्य कमाल सक्रियतेच्या काळात आहे हे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. चक्र साधारण ११ वर्षांचं, म्हणजे २०३० च्या आगेमागे तळ येणार. इथपर्यंत तुमचा हिशेब बरोबर आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला नेमका उलटा वाटतो.

ओसरतात ते डाग. मागच्या तळाला, २०१९ मध्ये, वर्षातले तीन चतुर्थांशाच्या आसपास दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. साध्या फिल्टरमधून तेव्हा कोरी थाळी दिसायची. हायड्रोजन-अल्फात दिसणाऱ्या कडेवरच्या ज्वाला, ज्यांना प्रॉमिनन्स म्हणतात, कमी होतात पण बंद होत नाहीत. तळाच्या वर्षांतही त्या दिसत राहतात. म्हणजे जी गोष्ट संपत चाललीय ती पाहायला तीन-चार हजारांचा फिल्टर पुरतो, आणि जिच्यासाठी १ लाख ३८ हजार लागतात ती थांबायला तयार आहे. घाई करायचीच असेल तर स्वस्तातल्या वस्तूची करा.

“नुसते ठिपके” या शब्दांवर मात्र मी जरा अडले. चांगल्या हवेत, तुमच्या सहा इंचीतून, शंभरच्या आसपास वर्धन लावून एखादा मोठा डागसमूह तुम्ही पाहिला आहे का? पत्रावरून वाटतं, नसावा. डागाचा गाभा काळाभोर, भोवती करड्या तंतूंची झालर, कधी गाभ्यातून आरपार गेलेला उजेडाचा पूल, आणि बाकीच्या थाळीवर शिजलेल्या साबुदाण्यासारखे बारीक दाणे. आज पाहिलेला डाग उद्या त्याच जागी नसतो, त्याच आकाराचा नसतो. सूर्य पृथ्वीवरून पाहता साधारण २७ दिवसांत एक फेरी घेतो, त्यामुळे पूर्वेच्या कडेवर उगवलेला डाग तेरा-चौदा दिवसांत पश्चिमेला मावळतो, तेवढा टिकला तर. मे २०२४ मधला १३६६४ क्रमांकाचा समूह पृथ्वीच्या सुमारे १५ पट रुंद होता. ग्रहणाच्या चष्म्यातून तो दुर्बिणीशिवायही दिसला, आणि त्याच्या भडक्यांमुळे लडाखच्या हानलेचं आकाश लाल झालं. याला ठिपका म्हणणं म्हणजे सज्जनगडाला टेकाड म्हणणं.

जर्मनीत देसाऊ गावी श्वाबे नावाचे एक औषधविक्रेते होते. १८२६ पासून छोट्या दुर्बिणीतून रोज सूर्य पाहून डाग मोजायचे. शोधत होते बुधापेक्षाही सूर्याच्या जवळचा एक ग्रह. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण १८४३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या अंतरानं चढते-उतरते. तुम्ही ज्या चक्राच्या भीतीनं कर्जाचा विचार करताय, ते चक्र हौसेनं रोज सूर्य पाहणाऱ्या एका माणसाच्या वहीतून निघालं आहे. वही तुम्हीही ठेवा. समूहांची संख्या गुणिले दहा, अधिक एकूण डाग (समूहांतले धरून), हा स्विस खगोलशास्त्रज्ञ वोल्फ यांचा जुना हिशेब. रोज पाच मिनिटांचं काम आहे.

मग १ लाख ३८ हजार जातात कशात? भिंगात नाही. ४० मिलिमीटरचं भिंग म्हणजे खेळण्यातल्या दुर्बिणीएवढं. पैसे जातात अरुंदपणात. सूर्याच्या दीप्तिगोलावर, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या झगझगीत पृष्ठभागावर, वर्णगोल नावाचा पातळ थर आहे. त्यातला हायड्रोजन ६५६.२८ नॅनोमीटर या एका लाल रंगात चमकतो, पण खालच्या झगझगाटात तो बुडून जातो. तो एकच रंग ठेवून बाकी सगळा उजेड अडवायचा, आणि तोही एका अँगस्ट्रॉमपेक्षा (नॅनोमीटरचा दहावा भाग) कमी रुंदीच्या फटीतून, हे काम इटॅलॉन नावाची काचेची जोडी करते. दोन काचा जवळजवळ निर्दोष सपाट आणि एकमेकींना समांतर लागतात. तुम्ही इंजिनाचा हेड फेस, म्हणजे घासून सपाट, करणारे. सपाटीतला एक हजारांश मिलिमीटर काय किंमत मागतो ते तुम्हाला मी सांगायला नको. इथे मामला त्याच्याही खालचा आहे.

ग्रहण नसताना ज्वाला पाहण्याची सुरुवात आपल्याच देशात झाली म्हणायला हरकत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला आलेल्या फ्रान्सच्या जान्सेन या खगोलशास्त्रज्ञांना या ज्वालांच्या रेषा वर्णपटात इतक्या ठळक दिसल्या, की त्यांनी दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्या पुन्हा पाहून दाखवल्या. तोवर ज्वाला पाहायच्या तर ग्रहणाची वाट बघावी लागे. (जाता जाता: इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे दर ऑगस्टला सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते, त्यांची आठवण कुणी काढत नाही.)

याच मुद्द्यावरचा एक धोका तुमच्यासाठी आणि बाकी वाचकांसाठीही मोठ्यानं सांगते. दुकानांत ‘एच-अल्फा (हायड्रोजन-अल्फाचं लघुरूप) फिल्टर’ नावानं दहा-पंधरा हजारांत एक वस्तू मिळते. ती रात्री तेजोमेघांचे फोटो काढण्यासाठी असते. तिच्यातून जाणाऱ्या रंगपट्ट्याची रुंदी साधारण ७ नॅनोमीटर, म्हणजे सूर्याला लागते त्याच्या जवळपास शंभर पट, आणि सूर्याची उष्णता अडवायची तिच्यात सोयच नाही. ती लावून सूर्याकडे पाहिलं तर डोळा जाईल. तसंच वर्कशॉपमधल्या वेल्डिंगच्या काचेचं. ती बहुतेक १० ते १२ नंबरची असते. सूर्याला १४ नंबर लागतो, तोही नुसत्या डोळ्यांसाठी. दुर्बिणीला ती काच लावायचीच नाही. स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये (डोळ्याकडच्या भिंगात) आटे फिरवून बसवायचा काळा ‘सन फिल्टर’ येतो. तुमच्या जुन्या दुर्बिणीच्या डब्यात असेल तर आज हातोडीनं फोडा. एकवटलेल्या उष्णतेनं तो तडकतो, आणि तो तडकतो तेव्हा डोळा तिथेच लावलेला असतो.

मी पहिल्यांदा ४० मिलिमीटरच्या एच-अल्फातून पाहिलं तेव्हा, खरं सांगते, फसवल्यासारखं वाटलं. गडद लाल बटण. बस. मासिकांतले फोटो डोळ्यांसमोर होते, त्यातलं काहीच नव्हतं. मग ज्यांची दुर्बीण होती त्यांनी माझ्या डोक्यावरून काळं कापड टाकलं, नळीवरची रंग जुळवायची कडी हळूहळू फिरवायला लावली आणि म्हणाले, आता पाच मिनिटं बोलू नका. तिसऱ्या मिनिटाला कडेवर एक पिसासारखी ज्वाला दिसली, नंतर थाळीवर काळे धागे. अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं तर पिसाचा आकार बदललेला. मी हलले ती तिथे. पण माझ्यासोबत आलेली मैत्रीण हलली नाही. ती म्हणाली, छान आहे, आणि चहा प्यायला गेली. ही दुर्बीण काहींना वेड लावते आणि काहींच्या कपाटात जाते. तुम्ही कुठले, हे १ लाख ३८ हजार देण्याआधी कळायला हवं, आणि ते फुकटात कळतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. मुंबईत खगोल मंडळ आहे. सातारा-कोल्हापूर-सांगलीकडेही हौशी गट आहेत. ‘एच-अल्फातून एकदा पाहायचंय’ एवढं विचारा. दुर्बीणवाल्या माणसाला दुसऱ्याला दाखवण्याइतकं सुख कशातच नसतं, कुणी नाही म्हणणार नाही.

तोवर रोज सकाळी फोनवर बघत जा. उदयपूरच्या फत्तेसागर तलावातली सौर वेधशाळा ‘गाँग’ नावाच्या सहा वेधशाळांच्या जाळ्यात आहे, आणि या जाळ्याच्या एच-अल्फातल्या प्रतिमा इंटरनेटवर जवळजवळ त्याच वेळी फुकट मिळतात. महिनाभर त्या रोज उघडाव्याशा वाटल्या, तर तुमचं उत्तर अर्धं आलं.

आता तुमच्या न्यूटोनियनचं. तिला समोरून, संपूर्ण तोंड झाकणारी सौर फिल्म लावायची. बाडर कंपनीची ए-फोर आकाराची शीट सहा इंचांना सहज पुरते. डोळ्यांनी पाहायची ती घनता ५ ची, लाखातला एक भाग उजेड आत सोडणारी. ३.८ ची फक्त फोटोसाठी असते, ती चुकून घेऊ नका. फिल्म बसवायची कडी तुम्ही माझ्यापेक्षा चांगली बनवाल: ॲल्युमिनियमच्या दोन रिंगा, मध्ये फेल्टची पट्टी, नळीवर घट्ट बसणारी आणि वर दोन स्क्रू, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही. फिल्म ताणायची नाही. सुरकुत्या पडू द्या, त्यांनी काही बिघडत नाही, ताणल्यानं बिघडतं. दर वेळी लावण्याआधी ती उजेडासमोर धरून टाचणीएवढं भोक पडलंय का पाहायचं. पडलं असेल तर टाकून द्यायची, चिकटपट्टी लावायची नाही. गच्चीपेक्षा अंगणात, गवतावर किंवा पाणी मारलेल्या जमिनीवर उभे राहा. हर्शेल वेज नावाच्या काचेच्या पाचरीचा मोह कुणी घातला तर सोडा. ते छान साधन आहे, पण भिंगाच्या दुर्बिणीसाठी. आरशाच्या दुर्बिणीला ते कधीच नाही.

समजा, सहा महिने गेले आणि ओढ कायम आहे. मग कुठली घ्यायची?

४० की ६०, या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. हप्ते काढून ६० घेऊ नका. मोठ्या व्यासानं थाळीवरचे बारकावे वाढतात हे खरं, पण ज्वाला आणि काळे धागे चाळिसातही दिसतात, आणि दिवसाच्या हवेत त्या जास्तीच्या व्यासाचा फायदा मोजक्याच सकाळी मिळतो. लंटची ४० किंवा अलीकडची अक्यूटर फिनिक्स, या दोन्ही याच वर्गातल्या. तुमच्याकडे माउंट आहे, तो खर्च वाचला. डेस्टारचं क्वार्क हे दुर्बीण आणि आयपीस यांच्या मध्ये बसणारं तापवायचं फिल्टर आहे, चित्र सुंदर देतं. पण त्याला भिंगाची दुर्बीण लागते, वीज लागते आणि तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुमच्याकडे भिंगाची नाही, म्हणजे दोन खरेद्या. कोरोनाडोची जुनी पीएसटी जुन्यात स्वस्त दिसेल. तिच्या मालक कंपन्यांनी २०२४ मध्ये गाशा गुंडाळला, आणि जुन्या नगांत फिल्टरवर गंजासारखा थर धरतो. प्रत्यक्ष सूर्याकडे लावून, कडी फिरवून, भिंगातून टॉर्च मारून पाहिल्याशिवाय घेऊ नका. फोटोवर तर अजिबात नाही.

एक वाट तुम्हीच विचारात घ्यावी अशी आहे. फ्रान्सचे क्रिस्तियां ब्युई यांनी सोलएक्स नावाच्या छोट्या स्पेक्ट्रोहेलिओग्राफचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला आहे. थ्रीडी प्रिंटरवर भाग काढायचे, आत फट आणि उजेडाचे रंग वेगळे करणारी ग्रेटिंग बसवायची, सूर्याला फटीवरून सरकू द्यायचं आणि कॉम्प्युटरनं ओळी जोडून चित्र उभं करायचं. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत शंभरेक वर्षं सूर्याच्या एकरंगी प्रतिमा घेतल्या गेल्या त्या याच तत्त्वावर. छोटी भिंगाची दुर्बीण आणि एकरंगी कॅमेरा लागतो, तरी एकूण खर्च इटॅलॉनवाल्या दुर्बिणीपेक्षा बराच खाली राहू शकतो. यात डोळा लावून पाहणं नाही, पडद्यावर पाहणं आहे. मला स्वतःला ते रुचत नाही. पण ज्याचे हात पान्यावर बसलेत आणि ज्याच्या घरात कॉम्प्युटर येणारी पोरगी आहे, त्यानं माझ्या आवडीवर जाऊ नये.

भाच्याचं सांगते. इटॅलॉन नगानगाला वेगळा निघतो. एखाद्यात थाळीचा एकच कोपरा नीट दिसतो आणि तो नग बदलून घ्यावा लागतो. इथल्या दुकानदाराचा जास्तीचा भाव म्हणजे काही अंशी त्या बदलीची किंमत. भाच्याकडून आणायचीच असेल तर त्याला म्हणावं, निघण्याआधी महिनाभर तिथे मागव, दोन-तीन सकाळी सूर्याकडे लावून बघ, मग बॅगेत भर. पावती सोबत ठेव आणि विमानतळावर विचारलं तर लपवू नको. आयात शुल्क धरूनही पंधरा-वीस हजार वाचले तरच या खटाटोपात अर्थ.

गटात चौघांनी मिळून घेण्याचा विचार तुम्ही लिहिला नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. भागीदारीतली दुर्बीण म्हणजे भाऊबंदकीतली विहीर: पाळी कुणाची आणि मोटर जळली तर भरायची कुणी. मालक एकच असावा, पाहायला सगळ्यांनी यावं.

आणि पावसाळा. चार महिने ही दुर्बीण कपाटातच राहणार. तुमच्या भागातल्या दमटपणात फिल्टर खराब होतात. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा खर्च किमतीतच धरा.

आता बायकोला न सांगितल्याचं. स्वतःसाठी खर्च करणं चूक नाही. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही मागतो, त्याला मी तरी स्वार्थी म्हणणार नाही. पण १ लाख ६० हजारांतले १ लाख ३८ हजार, दहावीच्या वर्षात, न विचारता, हे दुर्बिणीवर अन्याय करणारं आहे. ती घरात येईल ती अपराधी होऊन येईल. दर सकाळी अंगणात लावताना तुमचं लक्ष सूर्यापेक्षा स्वयंपाकघराच्या दाराकडे जास्त असेल. वहिनींना आधी आकडा सांगू नका, आधी डाग दाखवा. फिल्मच्या खर्चाला कुणाची हरकत नसते. पंधरा सकाळी, चहा झाल्यावर, दोन मिनिटं. त्यांना नाही आवडलं तरी तुम्ही रोज काय बघता ते त्यांना ठाऊक असेल, आणि मग पैशाची गोष्ट दोघांची होईल. मुलीच्या फीचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यातले निम्मे ‘सूर्याचे’ म्हणून वेगळ्या ठेवीत ठेवा, त्यांना सांगून. दर महिन्याला थोडी भर टाकलीत तर दीड-दोन वर्षांत चाळिसाची दुर्बीण हप्त्याशिवाय येते. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे, त्याला तुमची फिल्म पुरेल. १३ नोव्हेंबर २०३२ ला दुपारी बुध सूर्याच्या थाळीवरून सरकेल, तेव्हा डाग मोजण्याची तुमची वही बरीच जाड झालेली असेल.

पहिल्या सकाळसाठी एवढंच: मी एकदा फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) झाकायला विसरले होते आणि ओढणीला भोक पडलं. नशीब, ओढणीवर निभावलं. फाइंडर झाकू नका, काढूनच टाका. तो कपाटात ठेवा, कपाटाला कुलूप लावा आणि मगच दुर्बीण उन्हात न्या.